माझेच ठोके

नववा महिना होता. सकाळपासून बाळ हललं नव्हतं, म्हणून सासूबाई मला आचोळ्याच्या हॉस्पिटलात घेऊन गेल्या. सिस्टरने पोटावर यंत्र फिरवलं आणि भराभर ठोके ऐकू आले. सासूबाईंनी लगेच ते मोबाईलवर रेकॉर्ड केले. "बघ, कसा पळतोय माझा नातू!"

सिस्टर हसली नाही. तिने माझी नाडी धरली, थोडा वेळ ऐकलं आणि यंत्र बंद केलं. घाबरून धावणारे माझेच ठोके होते ते. बाळाचे कधीच थांबले होते. सोनोग्राफीतही तेच निघालं.

अजूनही संध्याकाळची रोझरीची प्रार्थना झाली की सासूबाई ते रेकॉर्डिंग कानाला लावतात. कितीदा सांगितलं, त्यांना पटतच नाही. माझंच काळीज ऐकून रडतात, आणि मी हाक मारली तर ओ देत नाहीत.