शेला सगळ्यात शेवटी

मुंबईचा अजबखाना मी मुंबईला जायच्या महिनाभर आधीच संपूर्ण बघून ठेवला होता. वडगावात, आमच्या मागावर बसून!

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. आत्याच्या मुलीचं लग्न मुंबईला ठरलं आणि लग्नानंतरचा एक दिवस मोकळा निघाला. आमचे आप्पा (म्हणजे माझे वडील; सगळा जन्म लुगडी विणण्यात गेलेला) एरवी कधी काही मागणारे नव्हेत. पण त्या दिवशी हातातला धोटा थांबवून म्हणाले, "शंकऱ्या, तिथल्या अजबखान्यात एक जुना शेला हाय म्हणं. काठावर हंस. उलटा कुठला, सुलटा कुठला, कळतच न्हाय म्हणं. डोळं हाईत तवर बघायचा हाय मला."

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत चालला होता. तुटलेला धागा ते आता बोटांनीच शोधत. मी तिथल्या तिथे शब्द दिला आणि बेत आखायला बसलो. इथेच सगळं चुकलं.

शाळेतले मास्तर एकदा तो अजबखाना बघून आलेले. त्यांच्याकडून खोदून खोदून माहिती काढली: आधी चित्रं, मग पुतळे, मग तलवारी, आणि माडीवर कापडं. मग काय! दुपारी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलो की कौलातून उन्हाची तिरीप धाग्यांवर पडायची, आणि मी निघालोच! संगमरवरी जिना, गार गार दालनं, भिंतींवर राण्या. राण्या माझ्याकडे बघून किंचित हसायच्यासुद्धा. इतक्यात बायको ओरडायची, "अवो, हिरव्याच्या जागी तांबडं घालाय लागलाय की!" (त्या महिन्यातली दोन लुगडी घरातच नेसावी लागली. म्हणजे बायकोला.)

आयत्या वेळी घोटाळा नको म्हणून मी अंगणात चुन्याने अख्खा अजबखाना आखला आणि आप्पांना रोज संध्याकाळी त्यातून फिरवू लागलो.

"आप्पा, ह्यो पुतळा. हितं थांबायचं."

"किती येळ?"

"शंभर म्हणूस्तवर."

तलवारींच्या दालनात आमची म्हैस बसलेली असायची; तिला वळसा घालून जावं लागे. शेजारचे मारुतीअण्णा कुडावरून बघत राहायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनीही एक फेरी मारून घेतली.

आप्पांची कुरबुर एकच. "आधी शेला बघूया की रं."

"तसं न्हवं आप्पा! गोड शेवटाला असतंय."

"मी गोड पयल्यांदा खातो."

"सगळा बेत बिघडतोय!"

आप्पा म्हशीला वळसा घालून पुढच्या दालनात गेले.

लग्न झालं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही खरोखरच त्या दारातून आत शिरलो. सगळं मी पाहिलं होतं तसंच! गारवा तसाच, शांतता तशीच. पावलं आपोआप हळू पडायला लागली. पहिल्याच दालनात पुरुषभर उंचीची एक राणी होती, आणि तिचं निळं रेशीम असं रंगवलेलं की हात लावावा. मी जवळ जाऊन निरखलं आणि दचकलो.

"आप्पा, हे कापडावर काढलंय!"

आता आम्ही पडलो कोष्टी. उलटं करून बघितल्याशिवाय कापडाला चांगलं म्हणायचं नाही, ही आमची रीत. सोयरीक जुळवायला आलेली माणसंसुद्धा आमच्यात आधी मागावरचं लुगडं उलटून बघतात, मग मुलगी बघतात. समोरून काय, कुणीही देखणं विणेल! माझा हात आपोआपच चौकटीखाली गेला.

"नगं रं, शंकऱ्या!"

"येकदाच बघतो की!"

चौकट जरा पुढे ओढून मी डोकं मागे घातलं. बघतो तर काय! मी आतूनच ओरडलो, "आप्पा, फसवणूक! मागनं नुसतं गोणपाट हाय!"

ते सगळ्या दालनात घुमलं. तेवढ्यात वरची दोरी करकरली, राणी एका अंगाला कलली, आणि तिच्या नि भिंतीच्या मध्ये मी अडकलो. पहारेकरी धावत आला.

"काय रे, चित्र पळवतोस?"

"न्हाय वो! उलटं बघत हुतो!"

"उलटं? कशाला?"

"आम्ही कोष्टी!"

एवढ्या सरळ उत्तराने त्याचं समाधान का होऊ नये, हे मला त्या वेळी खरंच कळेना.

पाचव्या मिनिटाला आम्ही दोघं बाहेर पायऱ्यांवर. शेला वर माडीवर आणि संध्याकाळी परतीची गाडी! आप्पा रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते वरच्या खिडक्यांकडे बघत म्हणाले, "जाऊ दे. इमारत तरी बघितली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बेत माझा, अडकलो मी, आणि डोळे चालले होते त्यांचे! मी उठून पहारेकऱ्यापुढे हात जोडले. "मला बाहीर ठेवा. वाटलं तर बांधून ठेवा. पर ह्यांस्नी तेवढा हंसांचा शेला दावा. म्होरं दिसंल का न्हाय, ठावं न्हाय."

त्याने आप्पांच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. मला म्हणाला, "तू ह्या पायरीवरून हलायचं नाहीस." आणि आप्पांचा हात धरून त्यांना आत घेऊन गेला.

तासाभराने आप्पा बाहेर आले, ते झोपेत चालल्यासारखे.

"दिसला?"

"दिसला."

गाडी पुण्याला येईपर्यंत एवढंच बोलणं झालं.

वडगावात मात्र आप्पा बोलले. रोज दुपारी आमच्या ओसरीवर आळी जमायची आणि आप्पा डोळे मिटून सांगत राहायचे: शेला दोन काचांच्या मध्ये कसा उभा धरलाय, दोन्ही अंगांनी हंस कसे सारखेच पोहतात, एकेका चोचीत एकच धागा कसा वळवलाय. ऐकता ऐकता ओसरीवर पाणी भरल्यासारखं वाटे. मी सगळ्यात पुढे, तोंड उघडं टाकून बसायचो, आणि सगळ्यात जास्त प्रश्न मीच विचारायचो.

चौथ्या दिवशी येळ्ळूरहून आलेल्या एका पाहुण्याला ते बघवेना. माझ्या पाठीवर हात ठेवून तो कळवळून म्हणाला, "एवढी हौस हाय, तर एकदा मुंबईला जाऊन या की वो!"

मी खाली बघून म्हणालो, "व्हय. एकदा जायला पायजे."