साळवेकाकांची अनधिकृत पुलिया

साळवेकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या सामानाच्या ट्रकखाली वाकून बघत होते. आम्ही नुकतेच नव्या फ्लॅटवर राहायला आलो होतो. मला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी खाली पडलं असेल. पण ते उठले, खिशातून खडू काढला आणि ट्रकच्या मधोमध रस्त्यावर एक रेघ ओढली.

"मागची चाकं ग्रामपंचायतीत आहेत," ते हात झटकत म्हणाले. "पुढची विकास प्राधिकरणात. ट्रक चार हात पुढं घ्या, मग कपाट उतरवा. उद्या ते कुणाच्या पायावर पडलं तर दाद कुठं मागाल?"

माझा नवरा तेव्हा पेजर विकणाऱ्या एका कंपनीत नवाच लागला होता आणि देश आता झपाट्याने पुढे चालला आहे अशी त्याची खात्री होती. त्याने मुकाट्याने ट्रक चार हात पुढे घ्यायला लावला. देशाच्या प्रगतीबद्दल एवढंच मला त्या दिवशी समजलं.

मी दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढले. तिथे नळ गळला की एकाच सरकारी कार्यालयात जाऊन भांडायचं, हे लहानपणापासून माहीत. इथे यमुनेपलीकडे, मयूर विहारच्याही पुढे, शेतांमध्ये इमारती उगवत होत्या. खालच्या मजल्यावर केबल टीव्हीची चाळीस चॅनेलं आणि खिडकीबाहेर म्हशी, असा तो काळ. गावाची जमीन प्राधिकरणाने घेतली होती, पण सगळी नाही. प्राधिकरणाने ती नगरपालिकेला द्यायची ठरवली होती, पण दिली नव्हती. त्यामुळे आमच्या गेटसमोरचा दिवा एकाचा, त्याचा खांब दुसऱ्याचा आणि त्या खांबाखालचा कचरा तिसऱ्याचा होता. हे सगळं ज्याला तोंडपाठ होतं असा वसाहतीत एकच माणूस, आणि तो आमच्या शेजारी राहत होता.

काका मूळचे नगरचे. पस्तीस वर्षं केंद्र सरकारात काढून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. किडकिडीत, काटेकोर, भांगसुद्धा फूटपट्टीने पाडल्यासारखा. "आधी हद्द, मग मुद्दा," हे त्यांचं पालुपद. कुणी काहीही सांगायला आलं की ते हात वर करून त्याला थांबवत. "कुठं घडलं ते सांगा. काय घडलं ते नंतर." एकदा आमच्या बाल्कनीत माकड आलं. मी किंचाळत त्यांच्याकडे गेले. काका शांतपणे म्हणाले, "शुभा, माकड कठड्यावर आहे तोवर वनखात्याचं. तारेवर गेलं की वीजमंडळाचं. तू फक्त ते घरात येऊ देऊ नकोस, कारण मग ते तुझं."

घरातही हीच व्यवस्था होती. चहा काकांच्या कक्षेत, स्वयंपाक एस्थरकाकूंच्या. आमटीत मीठ कमी पडलं तर काका ते स्वतः घालून घेत नसत, ताट तसंच ठेवून काकूंची वाट बघत. "अहो, घ्या की चिमूटभर," काकू वैतागत. "तुझ्या खात्यात हस्तक्षेप होतो," काका म्हणत. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांचं एकदाही भांडण झालं नाही असं काका सांगत. काकू म्हणत, भांडण कुणाच्या कक्षेत येतं तेच अजून ठरलेलं नाही.

काकूंची दृष्टी चालली होती. काचबिंदू. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की पुढच्या थंडीपर्यंत जे दिसतं ते दिसेल, मग नाही. काकूंनी त्याबद्दल एकही रडगाणं गायलं नाही. त्यांनी वाटा पाठ करायला घेतल्या. दर रविवारी दिल्लीला प्रार्थनेला आणि बुधवारी गाण्याच्या सरावाला त्या एकट्या बसने जात. ते त्यांना सोडायचं नव्हतं. "हाताला धरून नेणार असाल तर मी जाणारच नाही," त्यांनी बजावलं होतं. रोज सकाळी मी ऑफिसला निघताना त्या डोळे मिटून गेटपासून चालताना दिसत. ओठ हलत असायचे, पावलं मोजत असायच्या. कडुनिंबापर्यंत इतकी, मग डावीकडे, मग भिंत. सगळी वाट त्यांच्या पायांना पाठ झाली. नाला सोडून.

बस नाल्यापलीकडून सुटायची. नाला फार मोठा नव्हता, पण उडी मारावी इतका लहानही नव्हता. त्यावर कुणीतरी विजेचा एक जुना सिमेंटचा खांब आडवा टाकलेला होता, आणि सगळी वसाहत त्यावरून तोल सावरत ऑफिसला जायची. काकू त्यावर दोनदा घसरल्या. दुसऱ्यांदा मनगट मोडलं. प्लास्टर घालून आल्या त्या दिवशी काकांनी नवी फाइल उघडली. तिच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: "पुलिया. तातडीचे." पुलिया म्हणजे इकडे नाल्यावरचा छोटा पूल.

इथून पुढे मी जे सांगणार आहे त्यावर माझ्या पुण्याच्या नातेवाइकांचा आजवर विश्वास बसलेला नाही.

काकांनी चार जणांना पत्रं लिहिली: प्राधिकरण, नगरपालिका, पाटबंधारे खातं आणि ग्रामपंचायत. सहा महिने एकाचंही उत्तर आलं नाही. मग ते स्वतः खेटे घालू लागले, आणि शेवटी त्यांनी चौघांना एकाच दिवशी संयुक्त पाहणीसाठी नाल्यावर आणलं. हे काम दुसऱ्या कुणाला जमलंच नसतं. मी मुद्दाम रजा काढली होती.

चौघे आले, पण एकत्र उभे राहिनात. पलीकडच्या काठावर पाटबंधारेवाले, अलीकडे प्राधिकरणाचे ज्युनिअर इंजिनिअर, रस्त्याच्या कडेला नगरपालिकेचे बाबू आणि कडुनिंबाखाली खाटेवर गावचे प्रधानजी, म्हणजे आपले सरपंच. एक पाऊल पुढे टाकलं तर तिथली जबाबदारी अंगावर येईल अशी प्रत्येकाला धास्ती. त्यामुळे सगळी बैठक ओरडून झाली. चहाचा ट्रे मी नेला. इंजिनिअरसाहेबांचा बिस्किटाचा हात हद्दीबाहेर जात होता म्हणून बिस्किट मीच त्यांच्या तोंडाजवळ नेलं.

"नाला हमारा है," पाटबंधारेवाले पलीकडून ओरडले, "पानी हमारा नहीं. हमारा पानी साफ़ होता है!"

"किनारा अभी हमें हैंडओवर नहीं हुआ," इंजिनिअर.

"हुआ नहीं तो भी आपका ही है," नगरपालिकेचे बाबू म्हणाले. मग त्यांनी पिशवीतून एक छापील कागद काढला. नुकत्याच झालेल्या घटनादुरुस्तीतली यादी होती ती. "और साळवेजी, हमारी लिस्ट में सड़क है, पुल है. पुलिया नहीं है. पुलिया पंचायतवालों की लिस्ट में है. आप पढ़ लीजिए."

काकांनी कागद वाचला आणि ते मटकन खाली बसले.

बाबूंचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. पंचायतींच्या यादीत रस्ते, पुलिया, पूल, नावासुद्धा होत्या. शहरांच्या यादीत फक्त रस्ते आणि पूल. आता यात काकांचा काय दोष? पण त्या दुरुस्तीच्या दिवसांत त्यांच्या विभागात नकला ताडून बघायचं काम आलं होतं, एकाने वाचायचं, दुसऱ्याने बघायचं, आणि काकांनी त्यातली काही पानं बघितली होती. तेवढं त्यांना पुरलं.

"मला तेव्हा सर्दी होती," ते घरी येऊन म्हणाले. "त्या शब्दाच्या वेळी शिंक आली असणार."

"म्हणजे तुम्ही शिंकलात म्हणून देशातल्या शहरांना पुलिया नाही?" काकूंनी विचारलं.

"शक्यता नाकारता येत नाही."

काकू हसून हसून खुर्चीत वाकल्या. काका हसले नाहीत. ती यादी त्यांनी पाहिलीही नसेल, मूळ मसुद्यातच तसं असेल, असं मी चारदा समजावलं. माणसं स्वतःवरचा ठपका टाळायला काय काय करतात ते मी रोज ऑफिसात बघत होते. आणि इथे एक माणूस अख्ख्या राज्यघटनेची चूक आपल्या नाकावर घेऊन बसला होता. मला त्यांचा राग यायचा आणि लगेच भरूनही यायचं.

वाट दाखवली ती प्रधानजींनी. काका त्यांच्याकडे शेवटचा अर्ज घेऊन गेले होते, मी सोबत होते. प्रधानजींनी ताकाचा पेला पुढे केला आणि म्हणाले, "बाबूजी, बना लो. रोका किसने है?"

"इजाज़त कौन देगा?"

"इजाज़त देनेवाला तो मिला नहीं आपको. अब मना करनेवाला ढूँढो. जो मना करने आएगा, ज़मीन उसी की होगी."

काकांनी ताकाचा पेला न पिताच खाली ठेवला. पस्तीस वर्षांत सहीशिवाय कागदाचा कपटा न हलवलेला माणूस तो. पण घरी काकू डोळे मिटून पावलं मोजत होत्या, आणि थंडी दीड महिन्यावर आली होती.

लागून आलेल्या दोन राजपत्रित सुट्ट्या काकांनी निवडल्या. सगळी कार्यालयं बंद. बेकायदा काम, पण तीन दरपत्रकं मागवून, सरकारी मापात, उताराचा कोन तपासून. सिमेंटचे दोन मोठे पाइप, वर स्लॅब, दोन्ही बाजूंना काकूंच्या हाताच्या उंचीचा कठडा. वसाहतीतले निवृत्त अधिकारी देखरेखीला. एक माजी उपसचिव घमेली मोजत होते. स्लॅब पडल्यावर काकांनी शेजारी स्वतः एक बोर्ड रोवला: "यह पुलिया अनधिकृत है. आज्ञा से."

"कुणाच्या आज्ञेने?" मी विचारलं.

"ते लिहिलं नाही," काका म्हणाले. "पण खोटंही लिहिलं नाही."

सहा महिने ज्यांना उत्तराला सवड झाली नव्हती त्या चौघांच्या नोटिसा आठ दिवसांत आल्या. 'आमच्या जमिनीवर', 'आमच्या अखत्यारीत', 'आमच्या हद्दीत'. सगळ्यांच्या नोटिसांत जमीन स्वतःची. पंचायतीची नोटीस तर प्रधानजींनी स्वतः आणून दिली आणि जाताना डोळा मारला. काकांनी पेढे वाटले. मग प्रत्येकाला नम्र उत्तर धाडलं, सोबत बाकी तिघांच्या नोटिसांच्या प्रती जोडून: पुलिया पाडण्यास माझी हरकत नाही, तथापि ती पाडण्याचा अधिकार कोणाचा, हे आपण आपसांत ठरवून मला कळवावे.

एक दिवस बुलडोझर आलाच, नगरपालिकेचा. आणि मी काय बघितलं? बिस्किटासाठी हात पुढे न करणारे ते इंजिनिअरसाहेब पुलियाच्या मधोमध हात पसरून उभे. "हमारी ज़मीन पर आप कैसे तोड़ेंगे? तोड़ेंगे तो हम तोड़ेंगे!" दोन तास वादावादी झाली. बुलडोझर परत गेला. मग प्राधिकरणाचा आला तेव्हा पाटबंधारेवाले आडवे झाले. बांधायला जो नियम आडवा येत होता तोच आता पाडायलाही आडवा येत होता, आणि पुलिया मजेत उभी होती.

त्या थंडीत काकूंची दृष्टी पूर्ण गेली. पुढच्याच रविवारी त्या पांढरी काठी घेऊन गेटमधून एकट्या निघाल्या. मी बाल्कनीत उभी होते. कडुनिंब, डावीकडे, भिंत, मग कठड्यावर हात. पलीकडे पोचल्यावर त्यांनी वळून आमच्या इमारतीच्या दिशेने काठी उंच केली. मी रडले, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि काका? काका खांबावरून जात. पुलियाच्या शेजारी तो जुना खांब तसाच पडलेला होता, आणि साठी ओलांडलेला तो माणूस हात पसरून, तोल सावरत त्यावरून बस गाठायला जायचा. कठड्यापलीकडून काकू आरामात चालत. "काका, हा काय वेडेपणा?" मी एकदा चिडून विचारलं.

"बांधली हा एक गुन्हा झाला. वापरली तर दुसरा. एका माणसाने एकाच जागी दोन करू नयेत."

"मग काकू कशा वापरतात?"

"तिला बोर्ड वाचता येत नाही," काका म्हणाले. "तिचा हेतू निर्दोष आहे."

असे ते नऊ वर्षं खांबावरून गेले, पावसाळ्यातसुद्धा. एकदाही घसरले नाहीत. गेले ते घरात, सकाळचा चहा करून काकूंच्या हातात कप दिल्यावर, खुर्चीत बसल्या बसल्या.

दफनभूमी दिल्लीत होती. आमच्या बाजूचा रस्ता तेव्हा खोदून ठेवलेला, म्हणून गाडी नाल्यापलीकडे उभी होती. शवपेटी खांद्यावर घेऊन सहा जण पुलियापाशी आले आणि थांबले. माजी उपसचिव पुढे होते. ते हळूच म्हणाले, "साळवेसाहेबांनी आयुष्यात हिच्यावर पाय ठेवला नाही. त्यांच्या तत्त्वाच्या विरुद्ध होईल." सहा शहाणीसुरती माणसं पेटी खांद्यावर घेऊन त्या खांबाकडे बघू लागली. खरंच बघू लागली, काहीतरी जमेल का म्हणून. मला हसू फुटत होतं आणि डोळ्यांतून धार लागली होती.

मागून काठीचा आवाज आला. काकूंनी विचारलं, "का थांबलात?"

मी सांगितलं.

काकू म्हणाल्या, "पाय ते कुठं ठेवतायत? न्या सरळ."

आम्ही त्यांना पुलियावरून नेलं. काकू मागून एकट्याच आल्या. मधोमध पोचल्यावर त्यांनी कठड्यावरून हात फिरवला, अगदी सावकाश, एखाद्याच्या पाठीवरून फिरवावा तसा.