मामंजींची पुढची सीट

आमच्या घरात गाडी मी चालवते, कारण नवऱ्याला गाडी लागते. मागं बसला तरी लागते, पुढं बसला तरी लागते, आणि एकदा चालवायला दिली तर स्वतः चालवत असलेली गाडीही त्याला लागली. त्यामुळं आमची जुनी व्हॅन रामनगरच्या घरातून बाहेर पडली की कोण कुठं बसणार हे ठरलेलं. मी स्टिअरिंगवर. मागं खिडकीशी लिंबू हुंगत नवरा, त्याच्या शेजारी डब्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन सासूबाई. आणि पुढं माझ्या डावीकडं मामंजी, म्हणजे माझे सासरे. पुढची सीट त्यांची, कारण वाट दाखवायचं काम त्यांचं.

तरुणपणी ते लाकडाच्या लॉऱ्यांवर होते. जोयड्याच्या रानात शिरलेल्या परक्या ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं आणि त्याला लाकडासकट बाहेर काढायचं, ही त्यांची नोकरी. एकही लॉरी हरवली नाही, असं ते सांगतात आणि मी ते मानते. पण त्यांच्या खुणा त्याच काळात राहिल्या. "फुडं सॉ-मिल व्हती, तिथं वळीव." "ते मोठं आंब्याचं झाड पडलं न्हवं, त्याच्या अलीकडनं खाली घे." सॉ-मिल कुठं दिसत नाही, झाड तर पडलेलंच. जे नाही त्याच्या अलीकडून गाडी खाली कशी घालायची, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

बाजारकुणंगच्या बारशाला सगळं हातघाईवर आलं. सासूबाईंच्या भाचीचं पहिलं बाळ. सासूबाईंनी आपलं जुनं इरकल कापून बाळाला कुंची शिवली होती आणि वाटभर ती मांडीवर धरून बसल्या होत्या. मामंजी हात करत राहिले, मी वळत राहिले, आणि जेवणवेळेला आम्ही कॅसलरॉकच्या रेल्वे स्टेशनात उभे. बाजारकुणंग एका टोकाला, कॅसलरॉक दुसऱ्या. फोन काढावा तर रेंज नाही. आमच्याकडं रेंज पाहुण्यासारखी येते, चहाला टेकते आणि उठते. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवता येतो म्हणतात. नवऱ्यानं तसा उतरवलाही होता, पण तो निघाला गुजरातचा. समोरून मालगाडी धडधडत गेली.

"ही गाडी बघाय लोक कुठनं कुठनं येत्यात," मामंजी म्हणाले.

"म्या न्हाई आले," सासूबाई म्हणाल्या.

बारशाला पोचलो तेव्हा नाव ठेवून झालं होतं, पंगत उठली होती, आणि बाळ दुसऱ्याच कुणाच्या तरी कुंचीत झोपलं होतं. परतताना सासूबाई आपली कुंची तशीच मांडीवर घेऊन आल्या.

घरी आल्यावर जेवताना मी जाहीर केलं, की आता नेव्हिगेटर घ्यायचा. गाडीत लावायचं यंत्र असतं, त्याला रेंज लागत नाही, ते थेट उपग्रहाकडून ठिकाण काढतं आणि कुठं वळायचं ते बोलून सांगतं. मामंजींनी हातातला तुकडा ताटात ठेवला.

"मग म्या मागं बसू?"

त्यांना त्या सीटवरून उठवणं म्हणजे नोकरीवरून काढणं, हे मला कळत होतं आणि वाईटही वाटत होतं. पण खुंटीला अडकवलेली ती कुंची बघितली की त्याहून जास्त वाईट वाटत होतं. "बसा की पुढंच," मी म्हणाले, "ते काचेला चिकटतं, त्याला सीट लागत न्हाई." त्या दिवशी त्यांनी दुसरी भाकरी घेतली नाही.

बेळगावच्या दुकानात आम्ही चौघंही गेलो. दुकानदार मराठीत सुरुवात करायचा आणि अडला की कानडीत शिरायचा. आम्हाला दोन्ही चालतं. माझ्या अटी दोनच होत्या. खिशाला परवडावा आणि मामंजींच्या बोटांना चालवता यावा. लाकडं ओढून त्यांची बोटं अशी जाड झालीत की एका बोटाखाली तीन बटणं दबतात. दुकानदारानं आधी अर्थातच सगळ्यात महाग तो काढला. ताटाएवढा पडदा, वर चकचकीत रंग.

"ह्यो फुडची ट्रॅफिक आधीच सांगतो," तो म्हणाला.

"गवा आडवा बसला आसंल तर सांगतंय?" मामंजींनी विचारलं.

"गवा न्हाई सांगत."

"मग कसली ट्रॅफिक?"

तो परत खोक्यात गेला. दुसऱ्यात वाटेवरची हॉटेलं दिसत होती, पण त्याच्या पडद्यावरचा रस्ता इतका सरसर हलायचा की नवऱ्याला दुकानात उभ्या उभ्याच मळमळायला लागलं. तिसऱ्याला नऊ कामं यायची आणि त्यातलं वाट सांगायचं काम कुठल्या बटणात आहे ते दुकानदारालाच सापडेना. शेवटी मी खाली वाकले आणि काचेच्या कपाटाच्या तळातून एक ठेंगणा, जाडजूड नेव्हिगेटर स्वतःच उचलला. चार बटणं, प्रत्येक बटण सुपारीएवढं. अक्षरं मोठी, आवाज खणखणीत, नकाशे आतच भरलेले, आणि आत बोलणारी बाई मराठी. दुकानदारानं तो चालू केला तेव्हा ती म्हणाली, "कृपया डावीकडे वळा."

"कृपया म्हंतीया बघा," सासूबाई एकदम खूश झाल्या. "ह्यांच्या तोंडनं कधी ऐकलायसा?"

किंमतही आमच्या आवाक्यातली होती. दुकानदार म्हणाला, आठवडाभर वापरून बघा, पटलं नाही तर परत आणा. हे वाक्य मामंजींनी नीट ऐकून ठेवलं, ते मला नंतर कळलं.

घरी आल्यावर पहिली अडचण अशी की यंत्राचा रबरी चंबू आमच्या व्हॅनच्या काचेला धरेना. खड्डा आला की बाई मामंजींच्या मांडीवर. शेवटी त्यांनीच फणसाचा चीक लावून ती अशी बसवली, की आता काच फुटेल पण ती सुटणार नाही. मग मी परीक्षा म्हणून त्यांना व्हॅनमध्ये बसवलं आणि सांगितलं, "मामंजी, ही पहिल्यांदा आपलं घर विचारते. नकाशावर बोट ठेवून तुम्हीच सांगा तिला. तुम्हाला जमलं तर यंत्र सोपं म्हणायचं." त्यांनी बराच वेळ लावला. चष्मा काढला, पुसला, नकाशा मोठा केला, लहान केला. मी दोनदा चहा घेऊन गेले तर दोन्ही वेळा त्यांनी पडद्यावर हात धरला.

"झालं," शेवटी ते म्हणाले. "तिनं इचारलं घर कुठं, म्या बोट ठिवून दावलं."

मला इतका आनंद झाला की मी तपासलंही नाही.

आता यंत्र ठेवायचं की परत करायचं, हे ठरवायला मी एक पैज लावली. खानापूरला माझ्या माहेरी जायचं. येताना यंत्रावर 'घर' हे बटण दाबायचं आणि ती सांगेल तशी गाडी घालायची. ती 'पोचलो' म्हणेपर्यंत वाटेबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. मामंजी बोलले तर ते मागं बसणार. आम्हा तिघांपैकी कुणी बोललं, किंवा तिनं घरी आणलं नाही, तर यंत्र दुकानात परत. मामंजी लगेच कबूल झाले. एरवी ते भाजीत मीठ आहे हेसुद्धा लगेच कबूल करत नाहीत, पण मला शंका आली नाही.

जाताना बोलायची मुभा होती. ती त्यांनी पुरेपूर वापरली. घाटातल्या देवाच्या दगडाशी आमच्याकडची प्रत्येक गाडी थांबते. नारळ फुटतो, मगच पुढं. मी गाडी बाजूला घेतली तशी बाई म्हणाली, "पुन्हा मार्ग शोधत आहे." "शोध शोध, सावकाश शोध," मामंजी खोबऱ्याचा तुकडा तिच्यापुढं ठेवत म्हणाले. "घाई कुणाला हाय?" पुढं तिनं उजवीकडं सांगितलं की ते डावीकडं बघत, आणि तिनं डावीकडं सांगितलं की वर आभाळाकडं.

येताना खानापूर सोडलं, मी 'घर' दाबलं आणि गाडीत मौन पाळलं गेलं. लोंढा गेलं. बाई बरोबर सांगत होती. रामनगर जवळ आलं तशी मी मनातल्या मनात दुकानदाराला आशीर्वाद द्यायला लागले. आमचं घर रस्त्याला लागूनच आहे. अंगणातल्या बाजेवर सासूबाईंनी सांडगे वाळत घातलेले होते, आभाळ भरून आलं होतं आणि थेंब पडायच्या बेतात होते. मी गाडी हळू केली.

"सरळ पुढे जा," बाई म्हणाली.

मी आरशात नवऱ्याकडं बघितलं, नवऱ्यानं लिंबाकडं बघितलं. मामंजी ओठ मिटून समोर बघत बसलेले. मी बोलले तर यंत्र जाणार, आणि हार मानायची माझ्या माहेरी पद्धत नाही. शेजारीण फाटकातून ओरडली, "अगे, सांडगे भिजत्यात!" आम्ही चौघंही तिच्याकडं बघत बघत आपल्याच घरासमोरून निघून गेलो. सासूबाईंना तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार बसत होता. त्यांनी मागून माझ्या सीटला असा चिमटा काढला की तो पाठीला लागला.

मग जगलबेटच्या बाजूचा रस्ता आला, मग त्यातून फुटलेला एक रस्ता, मग डांबर संपलं आणि माती आली. पाऊस येऊन गेला. बाईचा आवाज जराही डळमळला नाही. झाडी विरळ झाली आणि समोर सुपा धरणाचं पाणी पसरलेलं दिसलं. आमचा रस्ता उतरत उतरत त्या पाण्यातच शिरत होता. मी कचकन ब्रेक दाबला. दोन म्हशी चिखलातून माना वळवून आमच्याकडं बघायला लागल्या.

"आपण घरी पोहोचला आहात," बाई म्हणाली.

नवऱ्यानं दार उघडून आधी जे करायचं ते केलं. मग तोंड पुसत म्हणाला, "आप्पा, ह्ये मुद्दाम केलायसा व्हय? यंत्र परत जावं म्हणून?"

"मुद्दाम कशाला?" मामंजी म्हणाले. "तिनं इचारलं घर कुठं. म्या दावलं."

ते खाली उतरले. उन्हाळ्यानं पाणी मागं हटलं होतं आणि काठाच्या गाळात काळी खोडं उभी होती. त्यांनी बोट दाखवलं. "त्या जोडखोडाच्या अलीकडं. फणस व्हता तिथं." त्यांची एखादी खूण मला कळली ती पहिल्यांदाच. धरण भरलं आणि ह्यांचं जुनं घर पाण्याखाली गेलं, तेव्हा माझा नवरा कडेवर होता. मला लग्न करून आणलं ते रामनगरच्या नव्या घरात. पाण्याखालच्या घराबद्दल मी इतकं ऐकलं होतं की पुढं पुढं ऐकणंच सोडून दिलं होतं. तिथं उभं राहिल्यावर मला फार लाज वाटली.

सासूबाई पिशवी घेऊन उतरल्या. मला वाटलं आता सांडग्यांवरून आमचा उद्धार होणार.

"तू थांब गे तिथंच," त्या मला म्हणाल्या. "चप्पल काढ."

मी काढली. त्यांनी डब्यातली उरलेली भाकरी मोडली, बाटलीतलं पाणी ओंजळीत घेतलं आणि तुकडे माझ्यावरून ओवाळून दोन्हीकडं टाकले. नवी सून उंबऱ्याशी आली की आमच्याकडं हे करतात.

"पयल्यांदाच घरला आलीया," त्या म्हणाल्या. "तशीच कशी आत घेऊ?"

लग्नाला वीसेक वर्षं झालेली, पाय घोट्यापर्यंत गाळात, एक तुकडा म्हशीनं खाल्लेला, आणि मी रडत होते की हसत होते ते माझं मलाच कळत नव्हतं. मग सासूबाईंनी दुसरा तुकडा मोडला, व्हॅनकडं गेल्या आणि काचेवरच्या बाईवरूनही ओवाळून टाकला. "हिनंच आणलं की," त्या म्हणाल्या. "ह्यांनी इतक्या वर्सांत आणलंय काय मला हितं?"

मामंजींनी ऐकून घेतलं. पैज त्यांच्या हातात होती. घर मागं राहिलं, यंत्र चुकलं, एवढं म्हटलं असतं तर सीट त्यांचीच होती. ते परत गाडीत बसले आणि म्हणाले, "बोलल्यापरमानं तिनं घरला आणलं. ठिवा तिला."

सांडगे लगदा झाले होते. दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसून यंत्रातलं घर बदलायला घेतलं, आता रामनगरचं घालावं म्हणून. मामंजी दाराशी येऊन उभे राहिले.

"रामनगरच्या घरची वाट तुला ठावी हाय न्हवं?"

"हाय की, मामंजी."

"मग त्याला यंत्र कशाला? तिच्यात ते जुनंच ऱ्हाऊ दे. म्या काय जन्मभर फुडं बसणार हाय व्हय?"

मी बटणावरचं बोट काढलं.