ईस्ट फेसिंग घर आणि डिझेलचा वास

पुणं सोडलं त्या दिवशी टॅक्सीत बसतानाही माझ्या लेकीने, सईने, नाकावर रुमाल धरला होता. तिचा दमा हेच आमच्या निघण्याचं खरं कारण. नवऱ्याची नोकरी हे लोकांना सांगायला. आई फाटकाशी एवढंच म्हणाली, "तिकडे पोरीला श्वास तरी पुरेल."

अमेरिकेत, अ‍ॅशबर्नमध्ये आकाश निळं, फोनवरचं हवेचं अ‍ॅप कायम हिरवं, म्हणजे हवा स्वच्छ. मला तेव्हाच शंका आली. हडपसरला खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं की काळं व्हायचं. घाण निदान समोर यायची. इथे बोट स्वच्छ, पण सईचा पंप काही सुटला नाही. डॉक्टर म्हणतात पोलन, म्हणजे हवेतले परागकण; शेजारीण म्हणते कार्पेटमधली धूळ. असेलही. पण भर हिवाळ्यात कसलं पोलन?

मध्यंतरी घर घ्यायला निघालो. आपल्या लोकांची रीत तुम्हाला ठाऊक आहे: आधी शाळेचं रेटिंग, मग वास्तूसाठी होकायंत्र. नवऱ्याने, सुनीलने, दारात होकायंत्र लावून फोन आडवा धरला आणि खूश झाला. घरं दाखवणाऱ्या रिअल्टर जोशीकाकू म्हणाल्या, "ईस्ट फेसिंग घर बाजारात टिकत नाही हो. आजच ऑफर द्या."

मी वर जाऊन पूर्वेची खिडकी उघडली. झाडांची एक ओळ, तिच्यामागे डेटा सेंटर, भिंतीलगत वीज गेली तर लागणारे, कंटेनरएवढे डिझेल जनरेटर. एक धडधडत होता. पुण्यात सिग्नलला बसच्या मागे स्कूटर थांबवली की यायचा, तोच वास.

"टेस्टिंग असतं गं," सुनील म्हणाला. तो अशाच एका इमारतीत काम करतो. "थोडाच वेळ चालवतात."

"थोडा म्हणजे किती?"

काकूंनी खिडकी लावून घेतली. "बंद ठेवायची. इथे उघडतं कोण?"

"मॉम, कॅन वी जस्ट गो?" सई म्हणाली आणि खोकली. त्या घरात कार्पेट नव्हतं.

एका खोकल्याने काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण ज्याच्यापासून पळून आलो, तेच तीस वर्षांच्या कर्जावर विकत घ्यायचं? मी नाही म्हटलं. सुनील अजून फुगलेला आहे.

आम्ही भाड्याच्याच घरात आहोत. आई फोनवर विचारते, स्वतःचं घर कधी? सांगते, जिथे सईची खिडकी बिनधास्त उघडता येईल तिथे.

"मग परत या की इकडेच."

"तुझी खिडकी उघडी आहे का गं आत्ता?"

आई म्हणते, "जेवलात का तुम्ही?"