सूर्यभानच्या रानातली सूतगिरणी

माझ्या शहाणपणानं एक घर बसलं. सूर्यभानचं. आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्यानं मला उगाच भला माणूस समजू नये.

त्र्याऐंशी साली पूर्णा रस्त्याच्या कडेचं त्याचं तीन एकर रान एका सूतगिरणीनं मागितलं. तेवढंच त्याचं रान. भाव बेताचाच, पण वर पर्मनंट नोकरी देऊ म्हणाले. मी शाळेत भूगोल शिकवायचो, म्हणून तो मला विचारायला आला. मी वर्गातलंच ऐकवलं. कापूस इथला, रेल्वे हाकेच्या अंतरावर, पाणी आहे, मजूर तर दरसाल ऊसतोडीला परमुलखात जातात. असा कारखाना जागचा हलत नसतो. दे बिनघोर.

मागास भागात कारखाना काढला की सरकार काही वर्षं सवलत देतं, हे माझ्या पुस्तकात नव्हतं. गिरणीमालकाला मात्र तेवढंच पाठ होतं.

शेड उभं राहिलं, यंत्रं आली. सूर्यभान फाटकावर राखणीला बसला, त्याची बायको कोकिळा आत कामाला लागली. कापूस काही आला नाही. तपासणीचे साहेब यायचे तेवढ्यापुरती गिरणी चालायची. वीस बायांनी सूत गुंडाळायच्या रिकाम्या चात्यांसमोर उभं राहायचं, तुटला धागा जोडल्यासारखी बोटं हलवायची, आणि साहेब दारातून ‘ठीक आहे’ म्हणेस्तोवर जागा सोडायची नाही, असा तिथला नेम होता.

एकदा भर दुपारी मी आत डोकावलो. यंत्रांची घरघर चाललेली, आणि वीस जणी हवेत गाठी मारत होत्या. मी कोकिळाला हाक मारली. तिनं वर पाहिलं, पण ओळखलं नाही. “तुटायलाय,” एवढंच पुटपुटली. मी तिथून सटकलो. घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू.

अठ्ठ्याऐंशी साली सवलत संपली. दुसऱ्या जिल्ह्यात नवी सवलत निघाली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. चार दिवसांत यंत्रं, पत्रे, दारंसुद्धा ट्रकांवर चढली. सूर्यभान तोवर रोजंदारीवरच होता. त्याच्या रानात उरली ती सिमेंटची फरशी, आणि तीही त्याची नव्हती.

महिनाभरानं तो शाळेत आला.

“गुरुजी, कोकिळा सकाळधरनं फरशीवर उभी हाय. हात धरला की वरडायलीय. तुमी साहेब होऊन या. तुमी ठीक हाय म्हणल्याबिगर ती घरी यायची न्हाई.”

गेलो. उघड्या फरशीवर ती एकटीच होती, नेमकी आपल्या जागेवर. तिच्यापर्यंत जाताना मी नसलेल्या यंत्रांना वळसे घालत गेलो. सरळ चालायचं धाडस झालं नाही.

“ठीक आहे,” मी म्हणालो.

तिची बोटं थांबली. मान खाली घालूनच तिनं विचारलं, “साहेब, आमच्या मालकाला पर्मनंट कवा करायलाव?”

खरं सांगितलं असतं तर ती तिथंच उभी राहिली असती.

“पुढच्या महिन्यात.”

ती निमूट घराकडे निघाली. सूर्यभान मात्र जागचा हलला नाही.

“खरंच का, गुरुजी?” त्यानं विचारलं.