रस्त्यांना नावं आहेत

अख्ख्या न्यू जर्सीत पत्ता सांगण्यात माझ्या मावशीच्या यजमानांचा हात धरणारा कुणी नाही, आणि त्यांनी सांगितलेल्या पत्त्यावर वेळेत पोचलेलाही कुणी नाही. जन्मभर इन्शुरन्स कंपनीत कॉम्प्युटरवर नकाशे करणारे हे काका स्वतःच्या गाडीत मात्र जीपीएस लावत नाहीत. "ती बाई वळणं सांगते, जागा सांगत नाही," असं त्यांचं म्हणणं. पार्सिपनीहून आयसेलिनला निघालेल्याला ते सांगणार, "ओक ट्री रोडवर लाल शालू नेसलेला पुतळा दिसला की डावीकडे." एकदा दुकानदाराने पुतळ्याची साडी बदलली आणि नागपूरचे पाहुणे दोन तास भटकून एका सराफाकडे रस्ता विचारायला शिरले, ते बांगड्या घेऊनच बाहेर पडले. "चुकलात म्हणून मिळाल्या," काका शांतपणे म्हणाले. शिवाय चौकशीची दांडगी हौस. वेटरला ते त्याचं गाव विचारतात. दातांच्या डॉक्टरला, तोंडात यंत्र असताना, मुलं किती म्हणून विचारतात.

अशा माणसाला कंपनीने सहा महिन्यांसाठी ॲरिझोनाला पाठवलं. मूळ अमेरिकन जमातींच्या वस्त्यांत मदतीला कंपनी आपली माणसं पाठवते, पगार इथूनच चालू राहतो. काका गेले त्या वस्तीतल्या निम्म्या घरांना पत्ताच नव्हता आणि ॲम्ब्युलन्स माळावर घर शोधत फिरायची. काकांनी विमानातच सगळ्या रस्त्यांना नंबर देऊन टाकले. पहिल्या मीटिंगमध्ये रोझ नावाच्या बाईंनी तो नकाशा पाहिला. तिथले इमर्जन्सीचे फोन त्याच घ्यायच्या. त्या म्हणाल्या, "या रस्त्यांना नावं आहेत. तुम्ही विचारलं नाहीत."

"अरे, मी विचारलं नाही," काका मला फोनवर म्हणाले. "मी." त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

त्यांनी तो नकाशा पुसला. मग रोझबाईंच्या ट्रकमधून ते दारोदार गेले आणि प्रत्येक घरी एकच प्रश्न विचारला, "तुमच्याकडे यायचं कसं?" लोक सांगायचे, मोडक्या पवनचक्कीपासून खाली, निळ्या पाण्याच्या टाकीला वळसा, मग मेंढ्यांचा वाडा. काकांना आयुष्यात प्रथमच आपली माणसं भेटली. घरांना नंबर दिले, पण रस्त्यांची नावं लोकांच्या भाषेतली, तिथल्या कौन्सिलने ठरवलेली, आणि ॲम्ब्युलन्सच्या कॉम्प्युटरवर पवनचक्कीसकट सगळ्या खुणा. काही जागांची नावं नकाशावर नकोत, असं तिथल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं. का, ते काकांनी विचारलं नाही.

सहा महिने संपले तेव्हा काम अर्धंच झालं होतं. बॉस म्हणाला, उरलेल्या रस्त्यांना नंबर टाका आणि परत या. काकांनी साठवलेली सगळी रजा टाकली आणि काम पुरं होईपर्यंत तिथेच राहिले. पुतणीच्या लग्नाचं पुण्याचं तिकीट कॅन्सल केलं. मावशी महिनाभर त्यांच्याशी धड बोलली नाही. मग एकदा स्वतःच जाऊन पाहून आली, आणि तेव्हापासून एडिसनमधल्या प्रत्येक हळदीकुंकवात बायकांना त्या रस्त्यांची नावं उच्चारायला शिकवते. मीही ऑफिसात कारण नसताना काकांचा विषय काढतो.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे बसलो असताना रोझबाईंचा फोन आला. वस्तीच्या अगदी टोकाला एक आजी राहायच्या. त्यांना श्वास लागला तेव्हा ॲम्ब्युलन्स कुठेही न थांबता दारात पोचली होती. त्यानंतर तीन आठवडे त्या लेकींमध्ये, नातवंडांमध्ये राहिल्या आणि आदल्या दिवशी घरीच वारल्या.

काकांनी फोन ठेवला.

"त्या आजींनी मला त्यांच्या आईचं घर दाखवलं होतं," मग ते म्हणाले. "आता नुसता दगडांचा चौथरा आहे. कुणी राहत नाही, म्हणून नकाशात घेतला नाही." मावशीने चहा पुढे केला, तो त्यांनी तसाच हातात धरला. "पण मला सापडेल."