खुर्चीतला महिना

"तिला काय विचारता? ती मालीश करते. डॉक्टर मी आहे."

सायली हे बोलली तेव्हा माझे दोन्ही हात सोनीच्या मांड्यांवर होते. तीन वर्षांची मुलगी. कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांवर आवळलेले पाय. मी अर्धा तास तिच्याशी गुणगुणत, थांबत, ते पाय बोटभर दूर केले होते. ते वाक्य कानावर आलं आणि माझे तळवे गार पडले. मुलांना हात कळतात. सोनीचे पाय पुन्हा मिटले.

जळगावचं ते बालफिजिओथेरपी केंद्र. निळी गादी. कुरकुरणारा पंखा. भिंतीशी ओळीने बसलेल्या आया, प्रत्येकीच्या मांडीवर एक जड मूल. सगळ्यांनी ऐकलं. एकीने माझ्याकडे पाहून चटकन नजर वळवली. त्या नजर वळवण्यात दया होती. ती मला वाक्यापेक्षा जास्त लागली.

प्रश्न विचारला होता सोनीच्या आईने, सुमनबाईने. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी तिचं गाव. दर मंगळवारी एस.टी.ने तापी ओलांडून ती यायची. मुलगी कडेवर. एक पाय आईच्या पोटाशी, दुसरा पाठीशी, वरून जुन्या लुगड्याचा घट्ट फेरा. त्या दिवशी सायलीने ते पाहिलं आणि सुनावलं, की उचलून उचलून तुम्हीच हिला पांगळं केलंत. उद्यापासून उचलायचं नाही. गुडघ्यांना पट्टे बांधून दिवसभर खुर्चीत बसवायचं. सुमनबाई गोंधळली. माझ्याकडे वळली.

"ताई, हिले कडेवर लेऊ का नको?"

त्यावर सायलीचं ते वाक्य आलं.

उत्तर मला येत होतं. ज्या मुलाचे पाय आत आवळतात, त्याला कडेवर घेतलं की आईच्या कमरेभोवती ते आपोआप फाकतात. सांध्याला जो ताण आम्ही गादीवर अर्धा तास देतो, तो ही बाई एस.टी.त बसून, चुलीशी उभी राहून, शेंगा फोडताना दिवसभर देत होती. हे पुस्तकात आहे. सायलीनेही ते पुस्तक वाचलं होतं. पण लुगड्याचा मळका फेरा पाहून तिला पुस्तक आठवलं नाही.

मी गप्प बसले.

या गप्प बसण्याबद्दल मला बोलायचं आहे. अपमान झाला म्हणून मी गप्प बसले, असं मी कित्येक दिवस स्वतःला सांगत होते. ते अर्धं खरं आहे.

सायली केंद्राच्या मालकांची मुलगी. मालकांना आम्ही सर म्हणायचो. तिची आणि माझी पदवी एकच. तिची पुण्याची, माझी धुळ्याची. दारावरच्या पितळी पाटीवर तिचं नाव होतं, त्यापुढे डॉक्टर होतं. माझं नाव हजेरीच्या वहीत होतं. वयाने ती दोन वर्षं लहान. ती मला अगं म्हणायची, मी तिला मॅडम.

मला तिचा हेवा वाटायचा. हेवा हा शब्द फार धुतलेला आहे. मी जळायचे. तिच्या हातांना कसल्याशा फुलांच्या मलमाचा वास यायचा. माझ्या हातांतून तिळाचं तेल जाता जात नसे. इंग्रजी तिच्या तोंडात खडीसाखरेसारखी विरघळायची. माझ्या तोंडात ती दाताखाली येणारा खडा व्हायची. तिच्या हसण्यावर जळायचे. मूल रडायला लागलं की ती उठून पाणी प्यायला जाऊ शकायची, त्यावर जळायचे. सगळ्यात जास्त जळायचे ते तिच्या चुकण्यावर. ती चुकली तरी ती डॉक्टरच राहायची. मी एकदा चुकले असते, तर मी कोण आहे ते सगळ्यांना लगेच आठवलं असतं.

मी कोण आहे? माझी आई धुळ्यात घरोघरी बाळंतिणींची आणि बाळांची मालीश करते. लहानपणी तेलाची बाटली घेऊन मी तिच्यासोबत जायचे. शेगडीवर ओव्याचा धूर. कोमट पाण्याची वाफ. आईच्या लांब केलेल्या पायांवर पालथं, तेलाने चकाकणारं बाळ. ज्या घरात सात दिवसांचं मूल विश्वासाने तिच्या पायांवर ठेवत, त्याच घरात तिचा पाट मोरीमागे वेगळा असायचा. काम झालं की ती तो स्वतः धुवून पुन्हा मोरीमागे उभा करायची. मी एकदा विचारलं, आपणच का धुवायचा? तिच्या हातांवरून पाणी ओघळत राहिलं.

हे सगळं सायलीला मीच सांगितलं होतं. एका दुपारी, चहा पिताना. मला वाटलं, आम्ही मैत्रिणी होत आहोत. तिने ते जपून ठेवलं होतं.

आम्ही दोघी एकाच परीक्षेला बसणार होतो. बालफिजिओथेरपीतली प्रमाणित तज्ज्ञ. त्यासाठी दोन वर्षं मुलांवर स्वतंत्रपणे उपचार केल्याचे तास लागतात, केंद्राच्या प्रमुखाच्या सहीने. दहा मुलांच्या पहिल्या दिवसापासूनच्या नोंदी लागतात. मग लेखी, मग तोंडी. ते प्रमाणपत्र मला हवं होतं. तहानेसारखं हवं होतं. त्या कागदावर तिचं आणि माझं नाव एकाच मापाच्या अक्षरांत असणार होतं.

आणि सोनी तिच्या दहांपैकी एक होती.

आता उरलेलं अर्धं खरं. सायलीने सुमनबाईला खुर्ची सांगितली, तेव्हा माझ्या छातीत अपमानाच्या खाली आणखी काहीतरी हललं. थंड. गोड. चुकू दे, असं ते म्हणालं. एकदा तरी हिची चूक सगळ्यांना दिसू दे. मी मान खाली घालून सोनीच्या पायांना तेल लावत राहिले. ती तीन वर्षांची मुलगी माझ्याकडे पाहून हसत होती.

पुढचे चार मंगळवार सुमनबाई आली नाही. कडेवर घ्यायचं नाही, तर मुलीला एस.टी.त कसं आणणार? पाच आठवड्यांनी ती आली. भाच्याने फटफटीवर आणलं होतं. वेल्क्रोचे पट्टे चर्रकन सुटले. मी सोनीच्या मांड्यांना हात लावला. ओलं दोरखंड उन्हात वाळावं तसं झालं होतं. मी पाय दूर करायला गेले आणि ती किंचाळली. माझ्या हाताखाली ती पहिल्यांदाच किंचाळली.

"तुम्ही सांगं तसंच करं," सुमनबाई म्हणाली. "एक दिन भी तिले कडेवर लिधी नही, ताई."

ती शाबासकीची वाट पाहत होती.

त्या दिवशी सायली नव्हती. मी सुमनबाईला बाजूला घेतलं, पट्टे तिच्या पिशवीत भरले आणि हलक्या आवाजात सांगितलं, की कडेवरच घ्या. तुम्ही करत होता तेच बरोबर होतं. फक्त रोज कड बदला. एक दिवस डावी, एक दिवस उजवी. तिने मान हलवली. मला कधीपासून माहीत होतं, हे तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

त्या रविवारी मी धुळ्याला घरी गेले. आईसमोर बसून सगळं ओकले. सायलीचं वाक्य, तिची पाटी, तिचा वास, तिचे वडील. आई भाकरी थापत होती. माझं बोलणं संपलं. मग पिठाचे हात तसेच ठेवून तिने विचारलं,

"त्या पोरना पाय आते कसा शेतस?"

तासभर मी बोलले होते. त्या तासात सोनीचे पाय कसे आहेत, हे मी एकदाही सांगितलं नव्हतं. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. आईने ती उलटली. माझ्याकडे पाहिलं नाही. मोरीमागचा पाट रोज धुणाऱ्या त्या बाईने कुणाच्याही बाळावर आपला राग कधी काढला नव्हता. मी पदवी घेऊन काढला होता.

मी एक नवी वही सुरू केली. पहिल्या पानावर तारीख आणि सोनीचं नाव. कडेवरच्या प्रत्येक दिवसाची नोंद. कोणती कड, किती वेळ, पाय किती अंशांत उघडले. मोजमापं मराठीत, सुमनबाईचे शब्द अहिराणीत. चार महिन्यांनी सोनी टेकू न घेता पाय पसरून बसली. सहाव्या महिन्यात गादीला धरून उभी राहिली. उभं राहताना तिने सायलीच्या दिशेने हात केला, कारण सायलीच्या गळ्यात चमकणारी साखळी होती. आणि खरं सांगते, त्या क्षणीही मला वाटून गेलं की हिने पडावं. तिच्या मागे माझे हात होते, ती पडली नाही. पण ते वाटलं. जळणं असं सहज मरत नाही.

मग सायलीने वही मागितली. सहज. पेन मागावं तशी. मी दिली, कारण तास लिहायचे होते आणि सही सरांची लागणार होती.

आठवड्याने सरांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर दोन कागद. एक माझ्या तासांचं पत्र. त्यात लिहिलं होतं, 'सहायक, मालीश व व्यायाम.' स्वतंत्र उपचारांचे तास, शून्य. दुसरा कागद सायलीच्या दहा नोंदींतला एक, सोनीचा. सुरेख इंग्रजी. आदिवासी पट्ट्यातल्या मातांच्या मूल वाहण्याच्या पद्धतीचा आपण उपचारात कल्पकतेने उपयोग केला, असं त्यात होतं. सुमनबाई आदिवासी नव्हती. तेवढंही तिला कोणी विचारलं नव्हतं. खाली साक्षीदार म्हणून माझ्या सहीची रिकामी ओळ.

मी नोंद वाचली. दोनदा वाचली. नोंद कडेवर घेण्यापासून सुरू होत होती. खुर्चीतला महिना त्यात नव्हता.

सर म्हणाले, सही कर, तुझ्या पत्राचं आपण पुढच्या वर्षी बघू. सायली खिडकीपाशी फोन पाहत उभी होती. खोलीत तिच्या मलमाचा वास भरला होता. सही केली असती तर पुढच्या वर्षी पत्र मिळालंही असतं. तेवढ्याच आशेवर मी दोन वर्षं मान खाली घातली होती.

"यात एक महिना कमी आहे," मी म्हणाले. "खुर्चीतला. तो लिहा. आणि त्याखाली लिहा, की मला चूक दिसत होती आणि मी मुद्दाम बोलले नाही. मग मी सही करते."

सायलीने फोन खाली केला. सर हसले. खूप शांतपणे म्हणाले,

"मालीशवालीच्या मुलीला इथे गादीवर बसू दिलं, एवढं लक्षात ठेव."

पहिल्यांदा माझे हात गार पडले नाहीत. सायलीच्या हाताजवळ माझी वही होती. मी ती उचलली. माझ्या तासांचं पत्रही उचललं आणि सरांसमोर, घडी न घालता, उलटं ठेवलं. मी म्हणाले, माझी आई मुलांच्या अंगाला हात लावते तेव्हा ते मूल कोणाचं आहे ते पाहत नाही. मी पाहिलं. ती माझी चूक. तुमची चूक तुम्ही लिहा.

मी चप्पल घालून बाहेर पडले. दोन वर्षांचे तास त्या केबिनमध्ये राहिले.

दुसऱ्या मंगळवारी बसस्थानकावर सुमनबाईला गाठलं. उभ्याउभ्याच सांगितलं सगळं. केळीच्या घडांनी भरलेल्या हातगाड्या आमच्या मधून जात होत्या. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"तुले माहीत व्हतं?"

मी हो म्हणाले.

तिने सोनीचा फेरा घट्ट केला. मुलीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं, माझ्यापासून लांबच्या. आणि चालू लागली.

आता मी धुळ्यात आहे. एका धर्मादाय दवाखान्याच्या दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, दुपारी भट्टी. माझे तास शून्यापासून सुरू झाले आहेत. इथे प्रमुख असलेल्या बाई माझ्या प्रत्येक नोंदीवर माझं नाव लिहायला लावतात. सायली परीक्षा उत्तीर्ण झाली. तिची नवी पाटी मी जळगावला पाहिली. दारापुढून दोनदा गेले. पोटात तेच पेटलं. ते विझलं असं मी लिहिणार नाही.

सुमनबाई दोन महिन्यांनी आली. पत्ता विचारत, अमळनेरमार्गे दोन गाड्या बदलून. सोनी आता चार पावलं टाकते. डावा पाय अजून आत वळतो. कदाचित शस्त्रक्रिया लागेल. तो पाय त्या महिन्याने गेला की जायचाच होता, हे कोणी सांगू शकत नाही. मीही नाही. सुमनबाई सांगितलेलं सगळं नीट करते, प्रश्न विचारते, उत्तर दोनदा तपासून घेते. आता ती मला ताई म्हणत नाही.

मॅडम म्हणते.

माझ्या दहा नोंदींतली पहिली सोनीची असेल. ती खुर्चीपासून सुरू होईल. त्यात माझं मौन असेल, तारखेसकट. परीक्षक विचारतील तेव्हा मी उत्तर देईन. नापास केलं तर पुन्हा तास भरीन, पुन्हा बसेन, आणि पुन्हा तीच नोंद पहिली ठेवीन. पाटीवर माझं नाव लागेल तेव्हा त्याखाली आईचा धंदा लिहिलेला असेल. आणि माझ्या गादीसमोर कोणत्याही आईने प्रश्न विचारला, तर उत्तर मी देणार. खोलीत कोणीही उभं असो.